मोडलेल्या मतदारसंघाचं संपर्क कार्यालय

खोली बघायला गेले तेव्हा आबांनी माझं आडनाव विचारलं नाही. कामशेतात त्याआधी दोन घरं पाहिली होती. दोन्हीकडं आडनाव सांगितल्याबरोबर खोली 'आत्ताच दिली हो' निघाली होती. म्हणून तिसऱ्या दारात मी आडनाव तोंडात तयार ठेवूनच उभी होते. एकदा सांगून टाकलं की पुढचं घर बघायला मोकळी. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर टोपी, अंगात जाकीट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. माझ्याकडं वरून खाली पाहून म्हणाले,

"तुमचा लोकसभा मतदारसंघ कोणचा?"

आठवीत शाळा सुटलेली मी. मतदारसंघ हा शब्द प्रचाराच्या भोंग्यातून ऐकलेला, पण आपल्याला स्वतःचा एखादा असतो हे कधी मनात आलं नव्हतं. "हिंगोलीकडची आहे मी," एवढंच बोलले. आबा उठून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मला वाटलं, झालं, आता घरातली बाई बाहेर येणार आणि खोली दिली म्हणून सांगणार. तर आबाच एक जाडजूड वही उघडी धरून आले.

"हिंगोली. हाय अजून. जित्ता हाय तुमचा." मग उसासा टाकून म्हणाले, "नशीबवान हायस. खोली मागल्या अंगाला हाय. पानी सकाळी येतं."

एवढ्यावर मला घर मिळालं. सामान लावताना मी भीत भीत विचारलं, "भिंतीला निळ्या कोटातल्या बाबांची तसबीर लावली तर चालेल का?" आबा चिडलेच. "ज्यांनी घटना लिव्हली त्यांची तसबीर लावाया माजी परवानगी मागतीस? खिळा नीट मार म्हंजे झालं. भितीत नुसती माती हाय."

नवरा ट्रकवर. महिन्यातून दोनदा यायचा, कधी एकदाच. मी लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला. सकाळच्या लोकलनं मळवली ओलांडून लोणावळ्याला उतरायचं आणि संध्याकाळी हाताला गुळाचा चिकटपणा घेऊन परतायचं. काम बरं होतं, बायका चांगल्या होत्या. पण मुकादम पहिल्याच आठवड्यात सांगून बसला होता, की ज्यांच्याकडं इथल्या पत्त्याचा सरकारी कागद असेल त्या कायम होतील, बाकीच्या सीझन संपला की घरी. माझे सगळे कागद हिंगोलीचे. घरी म्हणजे दिराच्या दारात, आणि तिथं परत जायचं नाही हे मी एसटीत बसतानाच ठरवलं होतं. त्यामुळं चिक्कीचे तुकडे मोजताना, लोकलची वाट बघताना, तांदूळ निवडताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट असायची. मी कामशेतात राहते, असं लिहिलेला एक कागद.

आता असा कागद ज्यांच्याकडं मागायचा, ते घरमालक स्वतः कुठं राहतात याबद्दल त्यांचं नि सरकारचं एकमत नव्हतं.

झालं होतं असं. कामशेत, टाकवे, कार्ले, हा सगळा मुलूख पूर्वी लोकसभेला खेड नावाच्या मतदारसंघात होता. पुढं देशभर मतदारसंघांची फेरवाटणी झाली, त्यात खेड मोडलं, आणि मावळ नावाचा नवा मतदारसंघ आला. तो इथून निघतो आणि घाट उतरून पार पनवेल-उरणच्या खाडीपर्यंत जातो. लोकांनी एका निवडणुकीत ते पचवलं. आबांनी नाही.

"शेताची वाटणी पडली तरी भावकीला बोलावत्यात," ते म्हणायचे. "चार मानसं बसत्यात, चहा व्हतो, बांध दावत्यात. हितं आमाला कुणी इचारलं? आन ह्या उरनवाल्याचा नि टाकव्यावाल्याचा काय संबंद? त्यो मासं धरतो, आमी इंद्रायणी भात लावतो. त्याला भरती-ओहोटी कळती, आमाला लोकलची येळ कळती. एकच खासदार दोगांचं काय ऐकनार?"

कुणी सांगायला गेलं, की आबा, विधानसभेला तर आपण मावळच होतो ना, तर ते तयारच असायचे. "विधानसभेला मावळ, मान्य. लोकसभेला मावळ, हे कोन? मी वळखत न्हाई."

त्यांच्या बायकोला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचे. मावशी ओट्याखाली भांडी घासता घासता तिथूनच उत्तर द्यायच्या. "घरातलं मानूस गेलं तर तेराव्याला सुतक फिटतं. ह्यांचा मतदारसंघ जाऊन एवढी वर्सं झाली, ह्यांचं फिटंना."

घराची पुढची खोली रस्त्यावर उघडायची. तिच्या दारावर पाटी होती: खेड लोकसभा मतदारसंघ, संपर्क कार्यालय, कामशेत विभाग. आत एक टेबल, दोन खुर्च्या, कापडावर रंगवलेला मतदारसंघाचा नकाशा, आणि कोपऱ्यात लेटरहेडच्या दोन पेट्या. जुन्या मतदारसंघाच्या शेवटच्या दिवसांत एका उमेदवारानं आबांना संपर्कप्रमुख नेमलं होतं. टेबल आलं, गोल शिक्का आला, पेट्या आल्या. पहिली पेटी फोडून जेमतेम एक गठ्ठा वापरला, तोवर मतदारसंघच गेला. सामान परत न्यायला कुणी आलं नाही. "सरकारनं मतदारसंघ मोडला," आबा म्हणायचे, "शिक्का मोडाया कोन आलं न्हाई. म्हंजे कामकाज चालू."

आणि कामकाज खरंच चालू होतं. रोज सकाळी नऊ ते अकरा. कुणाला गॅसची जोडणी, कुणाला पोरासाठी कॉलेजात जागा, कार्ल्याच्या एका म्हातारीला दवाखान्यात खाट. आबा ऐकून घ्यायचे, तारीख घालायचे आणि वळणदार अक्षरात लिहायचे: 'सदर व्यक्ती माझ्या परिचयाची असून त्यांचे काम नियमात बसत असल्यास प्राधान्याने व बसत नसल्यास सहानुभूतीने करावे.' खाली सही, त्यावर गोल शिक्का, शिक्क्यावर फुंकर.

मला आधी वाटलं, लोक म्हाताऱ्याची चेष्टा करतात. पण तीच माणसं आठवड्यानं पेढे घेऊन यायची. गॅस मिळाला होता. खाट मिळाली होती. जो मतदारसंघ भारताच्या नकाशावर नाही, त्याच्या पत्रावर कामं होत होती. टेबलामागचा माणूस पत्राची घडी बघतो, शिक्का गोल आहे का बघतो, आणि फायलीला लावतो. वरचा मथळा वाचायला त्याला वेळ नसतो, आणि वाचला तरी आपणच काहीतरी विसरलोय असं त्याला वाटतं. जिवंत मतदारसंघाच्या पत्रापेक्षा आबांचं पत्र लवकर चालायचं, कारण ते लगेच मिळायचं.

एकदा धीर करून मी विचारलं, "आबा, हे खोटं नाही का होत?"

"खोटं कुटं हाय त्यात? मी त्याला वळखतो का? वळखतो. त्याचं काम हाय का? हाय. आता मतदारसंघ न्हाई, ते काय मी चोरलाय व्हय?"

अकरानंतर कार्यालय बंद आणि इतिहास सुरू. आबा 'खेड मतदारसंघाचा साद्यंत इतिहास' लिहीत होते. तीन वह्या भरल्या होत्या, चौथी चालू होती. रविवारी मला सुट्टी, तेव्हा मी आणि मावशी तांदूळ निवडायला बसलो की ते वाचून दाखवायचे. इतिहासाची पर्वं त्यांनी खासदारांवरून पाडली नव्हती. सभेला आलेल्यांना काय खायला मिळालं, त्यावरून पाडली होती. पहिलं गूळ-शेंगदाण्याचं पर्व. त्यात लोक उभ्यानं भाषण ऐकत आणि घरी चालत जात. मग भेळेचं पर्व, त्यात सतरंज्या आल्या. मग वडापावचं पर्व, त्यात टेम्पो आले. शेवटी बिर्याणीचं पर्व, त्यात भाषण बंद पडलं.

"आन बिर्याणीनंतर वर्साच्या आत मतदारसंघ गेला," वही मिटून आबा म्हणायचे. "आता बोल."

"बिर्यानीनं गेला व्हय?" मावशी सुपातला खडा फेकत म्हणायच्या. "तुमी तर दोनदा वाडून घेतली व्हती."

"त्यो अब्यास व्हता."

एक अख्खं प्रकरण आश्वासनांचं होतं. त्यात टाकव्याकडच्या ओढ्यावरचा एकच साकव पुन्हा पुन्हा यायचा. दर निवडणुकीत त्याचं भूमिपूजन. आबा दरवेळी हजर आणि फुटलेल्या नारळाचा तुकडा प्रसाद म्हणून खिशात. "आपल्या इतिहासात," त्यांनी लिहिलं होतं, "या ओढ्याने जितके नारळ खाल्ले तितके कुठल्या देवाने खाल्ले नसतील." हे वाक्य वाचताना ते थांबायचे आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघायचे. मी हसले की पुढं जायचे. मला कळो न कळो, मी हसायचे. घरमालक होते. पण खरं सांगायचं तर नंतर नंतर मला कळायला लागलं, आणि मग जास्तच हसू यायला लागलं. शाळेत इतिहास विषयात मी दोनदा नापास झालेली. इतिहासात खायचे पदार्थ असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

लोकसभेला अजून अवकाश होता, तरी नव्या मतदारसंघाच्या एका इच्छुक उमेदवाराची माणसं आली होती. पांढरे बूट, गळ्यात पट्टे. पाटीवर 'संपर्क कार्यालय' एवढंच वाचून आत शिरली आणि आबांच्या गळ्यात हार घातला. आबांनी हार काढून टेबलावर ठेवला. विचारलं, "परवानगी हाय का?"

"कसली परवानगी, आबा?"

"तुमी मावळ मतदारसंघाचं. हा मुलूख खेडचा. दुसऱ्याच्या हद्दीत परचार करायचा तर कागद नको?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांच्यातला म्होरक्या हुशार होता. म्हणाला, "मग द्या की आबा तुम्हीच." आबांनी लेटरहेड काढलं: 'सदर उमेदवारास खेड मतदारसंघाच्या हद्दीत पाहुणा म्हणून प्रचार करण्यास हरकत नाही.' शिक्का, फुंकर. म्होरक्यानं त्या पत्रासकट आबांबरोबर फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठांचा भक्कम पाठिंबा.' आबांनी मला तो फोटो मोठा करून दाखवायला लावला. बघून म्हणाले, "शिक्का बराबर आलाय."

मी त्यांच्याकडं पत्र मागितलं ते सीझनचे शेवटचे दिवस आले तेव्हा. आधी मागायचं धाडस नव्हतं. मोडलेल्या मतदारसंघाचं पत्र घेऊन मी पकडले गेले तर? खाट मागणाऱ्या म्हातारीला कुणी काही करणार नाही. मी परमुलखातली, माझं आडनाव असं. पण मुकादमानं यादी लावली. इथले कागद दिलेल्यांची एक, न दिलेल्यांची एक. दुसऱ्या यादीत माझं नाव वरून तिसरं होतं.

आबांनी पत्र दिलं. त्यात 'सहानुभूतीने' या शब्दाखाली रेघसुद्धा मारली. मतदारयादीत नाव लागलं की ओळखपत्र येतं, आणि ते पत्त्याला चालतं, हे त्यांनीच सांगितलं. कचेरीतल्या बाबूनं माझा अर्ज घेतला, पत्राची घडी उघडली, शिक्का पाहिला, फायलीला लावलं. माझा जीव भांड्यात पडला. मग तो म्हणाला, "बीएलओ घरी येऊन बघतील. घरमालकाला घरी राहू द्या."

बीएलओ म्हणजे मतदारयाद्यांचं काम बघणाऱ्या बाई. शेजारच्या अंगणवाडीतल्याच होत्या, पिशवी नि रजिस्टर घेऊन चार दिवसांनी आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, रजिस्टर उघडलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्या घरात तर कुणीच राहत नाही," त्या म्हणाल्या.

मी, आबा, मावशी, तिघंही त्यांच्यासमोर बसलो होतो.

"मागच्या वेळेला मीच आले होते," बाई म्हणाल्या. "आबांनी सांगितलं, मावळ लोकसभा मतदारसंघाचा एकही मतदार ह्या घरात राहत नाही. मी दोनदा विचारलं. दोनदा तेच. मग मी लिहिलं, घर रिकामं, मतदार गेले. नोटीसही लावली होती दाराला."

"ती मी फाडली," आबा म्हणाले. "परक्या मतदारसंघाची नोटीस माज्या दाराला कशाला?"

मावशींच्या हातातलं सूप खाली आलं. "म्हंजे माजं नाव?"

"तुमचंही गेलं, मावशी."

"मला न इचारता!" मावशी उठून उभ्या राहिल्या. "पन्नास वर्सं ह्या चुलीफुडं मी काय भूत म्हून बसली व्हती? सोताचं नाव काडायचं तर काडा, माजं कुनी काडाया सांगितलं?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रिकाम्या घरात भाडेकरू राहत नसतो, एवढं मला आठवीच्या शिक्षणातही कळत होतं. माझी दुसरी यादी, वरून तिसरं नाव, दिराचं दार, सगळं डोळ्यांपुढं यायला लागलं.

बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला. "एक मार्ग आहे. आबांनी आपल्या हातानं लिहून द्यायचं. 'मी अमुक, मावळ लोकसभा मतदारसंघात ह्या घरात राहतो, आणि सदर बाई माझ्याकडं भाड्यानं राहतात.' खाली सही. मग मी दोघींचे अर्ज पुढं पाठवते. तुमचा पण पाठवते."

"माजा नको."

"बरं, नको. पण हे लिहा."

"ही लिव्हंल," आबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "तिचं अक्षर बरं हाय. मी सही करतो."

"तुमच्याच हातचं लागतं, आबा. साहेब बघतात."

आबांनी पेन घेतलं. 'मी खाली सही करणार' एवढं झरझर लिहिलं. पुढं स्वतःचं नाव, वय. आणि मग पेन थांबलं. रस्त्यावरून पवनेकडं जाणारी जीप गेली, तिचा धुरळा खाली बसला, तरी पेन तिथंच.

"खेड लिव्हलं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तर ह्यांचं काम होणार नाही," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "राहू द्या आबा. बघते मी दुसरीकडं कुठं." दुसरीकडं म्हणजे कुठं, ते मला माहीत नव्हतं. पण आबांचं तसं त्या एका शब्दापाशी अडून बसणं मला बघवत नव्हतं.

"तू गप बस गं," मावशी म्हणाल्या. आणि आबांना म्हणाल्या, "पंदरा कोसावरच्या मानसाला खाट मिळावी म्हून पत्र देताय. ही आपल्या नळावर पानी भरती. लिव्हा."

आबांनी लिहिलं. 'मावळ' हा शब्द त्यांनी एवढा बारीक लिहिला, की बाईंनी कागद उजेडाकडं धरून बघितला. मग सही केली. सवयीनं टेबलाकडं शिक्का आणायला निघाले, तर बाई म्हणाल्या, "शिक्का नको."

"नको?"

"साध्या रहिवाशाला शिक्का कशाला लागतो?"

आबा परत खुर्चीत बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुज्यापायी लिव्हलं. परत सांगायचं न्हाई मला."

मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले. "पाया काय पडतीस? कागद सांबाळ."

अर्जाची पोच दाखवली तेव्हा मुकादमानं ओळखपत्र येईपर्यंत थांबायचं कबूल केलं. ओळखपत्र आलं. त्यावर कामशेतचा पत्ता होता. ते मी कारखान्यात नेऊन दाखवलं, तर मुकादमानं फोटो बघितला, पत्ता बघितला आणि पहिल्या यादीत सगळ्यात खाली पेनानं माझं नाव लिहिलं. त्या दिवशी मी परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा असून उभी राहिले. का, ते सांगता येत नाही.

त्यानंतर लोकसभेची निवडणूक आली. सकाळी मी आणि मावशी मतदानाला निघालो. मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आबांचं नाव यादीत नव्हतं, त्यांनी ते घालायला दिलंच नव्हतं. तरी टोपी घालून ते आमच्याबरोबर निघाले. "रस्त्याला गर्दी आसंल," म्हणाले. रस्ता मोकळा होता.

झेडपीच्या शाळेअलीकडं चुन्याची पांढरी रेघ मारली होती. रेघेच्या बाहेर पक्षांची टेबलं. आबा रेघेशी आले आणि थांबले. तिथल्या पोलिसानं काही म्हणायच्या आधीच थांबले.

आत मी फार घाबरले होते. बोटाला शाई लागते न लागते तोच मी बोट मागं ओढलं, तर तिथला माणूस म्हणाला, "सावकाश, ताई." पुठ्ठ्याच्या आडोशामागं मी एकटी होते. इतकी एकटी मी आयुष्यात कधी नव्हते आणि मला त्याची भीती वाटली नाही. बटण दाबलं, आवाज आला, बाहेर आले.

आबा रेघेवर चवडे टेकून उभे होते. "झालं?"

"झालं."

"कुनाला दिलं?"

आबांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. भाजी काय केली, नवरा कधी येणार, कारखान्यात कोण काय बोललं, सगळं मी सांगायचे. त्यांच्यामुळं तर मी आत गेले होते.

"ते सांगायचं नसतं, आबा," मी म्हटलं.

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता चिडणार. ते टेबलांकडं वळले आणि तिथल्या पोरांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "बगा रं! ही आमची मतदार. मला सांगत न्हाई म्हनती!"

पोरं हसली. आबा हसले नाहीत. परत येताना बाजारापर्यंत ते एकेका उमेदवाराचं नाव घेत राहिले आणि प्रत्येक नावाला माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी समोर बघत चालले होते. मग ते मावशींकडं वळले. "तू तरी सांग. कुनाला?"

"मी कशाला सांगू?" मावशी म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी पावलं जरा उचलली.